धड्याची झेरॉक्स काढताना

मागच्या पावसाळ्यात खानापूरच्या स्टँडजवळच्या दुकानात एका कवितेच्या अडतीस प्रती काढायला गेले होते. दुकानदार ओळखीचा, आमच्याच शाळेतून दहावी झालेला. कागद मशीनवर ठेवता ठेवता थांबला आणि म्हणाला, "टीचर, हे पुस्तकातलं हाय न्हवं? कॉपीराइटचं काय होणार न्हाई ना?" कुणीतरी त्याला घाबरवलं होतं. पुस्तकातलं पान काढलं तर पोलीस येतात म्हणे.

मी त्याला तिथंच सांगितलं, काढ बिनधास्त. पण घरी आल्यावर वाटलं, त्याला जेवढं माहीत नाही तेवढंच आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांनाही माहीत नाही. काही जण भीतीनं साधा उतारासुद्धा वाटत नाहीत. काही जण अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकून मोकळे होतात. सत्तावीस वर्षं मराठी शिकवते आहे. दोन्ही प्रकारच्या चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते.

कर्नाटकातल्या आपल्या मराठी सीमाभागात हा प्रश्न जास्त टोचतो. आमच्या शाळेच्या कपाटात अवांतर वाचनाची मराठी पुस्तकं आहेत ती एकेक प्रत. नवं मराठी पुस्तक हवं तर बेळगाव गाठायचं, तिथं मिळालं नाही तर कोल्हापूर-पुण्याहून मागवायचं. अडतीस मुलांच्या हातात एक कविता द्यायची तर झेरॉक्सला पर्याय नाही. भीतीपोटी ती काढली नाही, तर आमच्या मुलांच्या वाट्याला पाठ्यपुस्तकापलीकडचं मराठी येणारच नाही. हे मला अजिबात मान्य नाही.

आता कायदा. आपल्याकडे प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये कोणत्या गोष्टी केल्यानं हक्कभंग होत नाही त्याची मोठी यादी आहे. त्यातलं ५२(१)(आय) प्रत्येक शिक्षकानं पाठ करून ठेवावं. शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्या-शिकण्याच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत काढली, ती परीक्षेच्या प्रश्नात वापरली, किंवा त्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिली, तर तो हक्कभंग नाही. म्हणजे तुमच्या चाचणीतला अपठित उतारा थेट कायद्यानंच मोकळा ठेवला आहे. आमचे एक सर अपठित उतारा 'कॉपीराइटमुळे' स्वतःच लिहून काढायचे. ते ओढूनताणून लिहिलेले उतारे मुलांना वाचवत नसत. चांगल्या लेखकाचा उतारा घ्या, खाली त्याचं नाव लिहा.

इंटरनेटवर वाचून बरेच जण 'फेअर यूज' म्हणतात आणि पुढं टक्केवारी सांगतात: दहा टक्के चालतं, एक प्रकरण चालतं. 'फेअर यूज' ही अमेरिकेच्या कायद्यातली संज्ञा. आपल्या कायद्यात 'फेअर डीलिंग' आहे. ते स्वतःचा अभ्यास आणि संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी आहे. शिक्षकांसाठी त्याशिवाय वर सांगितलेली स्वतंत्र तरतूद आहे, आणि तिच्यात टक्क्यांचा आकडा कुठंही नाही.

यावर दिल्लीत मोठा खटला झाला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला. प्राध्यापकांनी नेमून दिलेली प्रकरणं एकत्र करून दुकानदार विद्यार्थ्यांना त्यांचे संच देत होता. सप्टेंबर २०१६ मध्ये एका न्यायमूर्तींनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानंही शिक्षणासाठी प्रती काढण्याचा हक्क उचलून धरला. शिकवणं म्हणजे फक्त चाळीस मिनिटांचा तास नव्हे, विद्यार्थ्याला नेमून दिलेलं वाचनही त्यातच आलं. कसोटी एकच ठेवली: शिकवण्याच्या कामासाठी जेवढं लागतं तेवढंच घेतलं का? २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागं घेतला. माझ्या दुकानदाराला मी हीच गोष्ट सांगितली होती. त्याच्यासारख्याच एका दुकानदाराचा खटला म्हटल्यावर त्याला धीर आला.

मग अख्खं पुस्तक काढावं का? कायद्यात आकडा नसला तरी कसोटी आहे. मला तीन कविता शिकवायच्या आहेत आणि संग्रहात ऐंशी आहेत, तर ऐंशींची प्रत 'शिकवण्यासाठी' होत नाही, ती पुस्तक विकत न घेण्यासाठी होते. मी स्वतःपुरता नियम ठेवला आहे. जे पान मी खरोखर वर्गात उघडणार आहे तेवढंच काढायचं, मुलांच्या संख्येइतकंच काढायचं, पैसे घेतलेच तर झेरॉक्सचा खर्च तेवढाच. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच: त्या कवितेचा फोटो त्या वर्गाच्या ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात छोटी असते. आपणच पीडीएफ फिरवायला लागलो तर पुढच्या वर्षी ते पुस्तक छापायला कुणी धजणार नाही, आणि फटका पुन्हा आपल्याच मुलांना बसेल.

गॅदरिंग, सिनेमा आणि गणपतीतलं नाटक

स्नेहसंमेलनासाठी ५२(१)(जे) आहे. शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक केलं, गाणं म्हटलं, ध्वनिमुद्रित गाण्यावर नाच केला, किंवा सिनेमा दाखवला, तर चालतं. अट एवढीच की प्रेक्षक म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या कामाशी जोडलेली माणसं. तिकीट लावून गावाला बोलावलं, किंवा बाहेरचा ऑर्केस्ट्रा आणला, की ही सवलत संपली. सिनेमा दाखवताना आणखी एक पाहा. ओटीटीचं सभासदत्व बहुधा घरगुती वापरापुरतं असतं. कायदा परवानगी देत असला तरी त्या कंपनीशी तुम्ही मान्य केलेल्या अटी वेगळ्या. डीव्हीडी किंवा अधिकृत मोफत चित्रफीत बरी.

रोज सकाळी प्रार्थनेला आमची मराठी माध्यमाची मुलं नाडगीत, म्हणजे कर्नाटकचं राज्यगीत, म्हणतात. ते कन्नड कवी कुवेंपूंचं. कुवेंपू १९९४ मध्ये गेले, म्हणजे हक्क २०५४ च्या अखेरपर्यंत आहे. तरी मुलं ते शाळेत बिनघोर म्हणू शकतात, कारण ही तरतूद.

गावातली तरुण मंडळी गणपतीत नाटक बसवतात तेव्हा हमखास मला विचारायला येतात. हौशी मंडळानं पैसे न घेता प्रयोग केला, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तर ५२(१)(एल) खाली तो हक्कभंग नाही. पण नाटकाच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांत प्रयोगाच्या परवानगीसाठी पत्ता दिलेला असतो. मी म्हणते, एक पत्र टाकाच. एकांकिका स्पर्धेला जाणार असाल तर लेखकाचं परवानगीपत्र तशीही मागतात.

अडचण सुरू होते ती मोबाइलवर चित्रीकरण करून यूट्यूबवर चढवल्यावर. तिथं प्रेक्षक फक्त पालक राहत नाहीत, सगळं जग होतं. तीन वर्षांपूर्वी आमच्या गॅदरिंगचा व्हिडिओ मी हौसेनं टाकला. दुसऱ्या दिवशी मधला आवाजच गायब. मुली नाचताहेत आणि गाणं नाही. पालकांचे फोन आले. चूक माझीच होती. आता मी लिंक टाकत नाही. ज्यांना हवा त्या पालकांना पेनड्राइव्हवर देते, आणि यूट्यूबवर मुलांनी स्वतः म्हटलेल्या पारंपरिक ओव्या आणि अभंग तेवढे टाकते. 'कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही' असं खाली लिहून काही साधत नाही. ती ओळ म्हणजे कायद्यातलं काहीही नव्हे.

कुणाचा हक्क, कधीपर्यंत

हे गणित सोपं आहे आणि एकदा जमलं की निम्म्या शंका मिटतात. लेखक ज्या वर्षी गेला त्यात साठ मिळवा. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला हक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. २०१० च्या अखेरीस हक्क संपला, म्हणजे त्यांचं लेखन आज कुणीही छापू शकतं. केशवसुत, बालकवी, गडकरी तर केव्हाच मोकळे. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणून २०३६ पर्यंत थांबायचं. कुसुमाग्रज १९९९, म्हणजे २०५९. इंदिरा संत आपल्या बेळगावच्या, त्या २००० मध्ये गेल्या. त्यांच्या कवितांचा हक्क २०६० पर्यंत त्यांच्या वारसांकडे किंवा त्यांनी ज्यांना दिला असेल त्यांच्याकडे राहील. त्यांची कविता बेळगावच्या वर्गात शिकवताना मात्र कुणालाही विचारायला नको. खिडकीबाहेर पाऊस असताना ती शिकवावी, मुलं गप्प होतात.

बहिणाबाईंचं उदाहरण मुद्दाम देते, कारण तिथं बरेच जण चुकतात. त्या १९५१ मध्ये गेल्या, पण कविता पुस्तकरूपानं आल्या त्या १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. तेही २०१२ च्या अखेरीस संपलं. सिनेमा आणि ध्वनिमुद्रणालाही प्रकाशनापासून साठ वर्षं.

मोकळ्या मजकुरालाही कपडे नवे असू शकतात. तुकोबांचे अभंग सगळ्यांचे. पण आजच्या एखाद्या अभ्यासकानं लिहिलेला त्यांचा अर्थ, प्रस्तावना, आतली चित्रं यांचे हक्क ज्याचे त्याला. अभंग उतरवून घ्या, त्याखालचं विवरण छापू नका.

आपल्या भागात भाषांतराचा मुद्दा रोजचा. शेजारच्या कन्नड शाळेत बसवण्णांची वचनं शिकवतात, मला ती मराठीतून सांगावीशी वाटतात. वचनं बाराव्या शतकातली, त्यावर कुणाचा हक्क नाही, मी स्वतः भाषांतर करू शकते. मात्र दुसऱ्यानं अलीकडे केलेलं मराठी भाषांतर हे त्या भाषांतरकाराचं. बेंद्र्यांचं वेगळं. मातृभाषा मराठी असलेला हा कन्नड कवी १९८१ मध्ये गेला, हक्क २०४१ पर्यंत. त्यांच्या कवितेचा अर्थ मी वर्गात मराठीत तोंडी समजावते. तेच भाषांतर वार्षिकांकात छापायचं म्हटलं की परवानगी, कारण भाषांतराचा हक्कही मूळ कवीचाच असतो.

परवानगीचं पत्र

कडोली, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, येळ्ळूर अशा गावांतून दरवर्षी साहित्य संमेलनं होतात. सीमाभागातल्या मराठीचा हा माझ्या मते सगळ्यात मोठा आधार. अशाच एका संमेलनासाठी मुलांच्या आवडत्या कवितांची पुस्तिका काढायचं ठरलं. किंमत तीस रुपये. मी उत्साहानं बावीस कविता टाइप करून दिल्या आणि कुणालाही विचारलं नाही. शाळेत वाटतोय तसंच हे, असं वाटलं. छापून झाल्यावर एका कवीच्या मुलीचं पत्र आलं. राग नव्हता. एवढंच लिहिलं होतं की बाबांची कविता तुम्ही घेतलीत याचा आनंद आहे, पण आम्हाला कळवलं असतं तर आम्ही संमेलनाला आलो असतो. ते पत्र वाचून मला फार लागलं. त्या दिवसापासून वर्गाच्या बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मजकुरासाठी मी पत्र लिहिते.

कायदा याबाबत बराच काटेकोर आहे. शिक्षणासाठीच्या संग्रहात छोटे उतारे घेता येतात, पण तो संग्रह मुख्यतः हक्कमुक्त मजकुराचा हवा, शिक्षणासाठी आहे हे नावात आणि जाहिरातीत दिसायला हवं, आणि एकाच प्रकाशकाला पाच वर्षांत एका लेखकाचे दोनच उतारे घेता येतात. पूर्ण कवितांची पुस्तिका त्यात बसत नाही.

पत्ता पुस्तकाच्या हक्काच्या पानावर असतो. तिथं 'सर्व हक्क' कुणाकडे ते पाहा, बहुतेकदा लेखकाच्या पत्नीचं किंवा मुलांचं नाव असतं. ते सापडलं नाही तर प्रकाशकाला लिहा. पत्रात गोलमाल नको. मी असं लिहिते:

"स.न.वि.वि. आम्ही खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेच्या वार्षिकांकात आपल्या वडिलांची अमुक कविता पूर्ण छापू इच्छितो. प्रती ३००, विनामूल्य, फक्त याच वर्षी. कविता आहे तशीच, कवीच्या नावासह आणि संग्रहाच्या उल्लेखासह छापू. इंटरनेटवर टाकणार नाही. मानधनाची अपेक्षा असल्यास कळवावे. छापून झाल्यावर दोन प्रती पाठवू."

प्रती किती, किंमत काय, किती काळासाठी, कागदावर की इंटरनेटवर, पूर्ण की काही ओळी: हे पाच मुद्दे आले पाहिजेत. होकार लेखी घ्या, ईमेल चालतं. फोनवरचा होकार मुख्याध्यापक बदलले की हरवतो. उत्तर आलंच नाही तर? मी पंधरा दिवसांनी एकदा आठवण करते, मग ती कविता सोडते आणि बालकवींची घेते. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे. आजवर मला नकार एकदाच आला आहे, आणि मानधन कुणीही मागितलेलं नाही.

कविता 'सोपी' करून छापू नका. कडवं गाळायचं असेल तर गाळल्याची खूण करा. लेखकाला त्याचं नाव लागण्याचा आणि कृतीची मोडतोड न होण्याचा हक्क कलम ५७ नं वेगळा दिला आहे. हक्क विकून टाकले तरी तो त्याच्याकडेच राहतो.

न विचारता घेता येईल असं

'मोफत उतरवून घ्या' आणि 'हवं तसं छापा' या दोन गोष्टी एक नाहीत. बालभारतीची पुस्तकं आपण संदर्भाला सर्रास वापरतो, पीडीएफ फुकट मिळते. वर्गात वापरा, पण तिची पानं लावून वर्कबुक छापून विकता येणार नाही. आपल्या कर्नाटकच्या पाठ्यपुस्तकांचंही तेच.

खरं मोकळं हवं तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना शोधा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत आणि कन्नडमध्ये चित्रकथा आहेत. नाव देऊन त्या छापता येतात, भाषांतरही करता येतं. आमच्या आठवीच्या मुलांनी तिथली एक कन्नड गोष्ट मराठीत आणली आणि खालच्या वर्गाला वाचून दाखवली. दोन्ही भाषांची भीती एकदमच गेली. मराठी विकिपीडियावरचा मजकूरही नाव देऊन आणि तोच परवाना ठेवून घेता येतो, आणि हक्क संपलेली जुनी पुस्तकं विकिस्रोतावर मिळतात. चित्रासाठी गूगलवर दिसेल ते उचलू नका, विकिमीडिया कॉमन्सवर शोधा आणि चित्राखाली काय लिहिलंय ते वाचा.

आणखी एक तरतूद फार कमी जणांना माहीत आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं ५२(१)(झेडबी) आलं. अपंग विद्यार्थ्याला वाचता यावं म्हणून पुस्तक ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरात किंवा आवाजात आणणं, नफा न घेता, मोकळं आहे. इथं अख्खं पुस्तकसुद्धा चालतं. आमच्या वर्गात एका मुलीची नजर अगदी अधू होती. तिच्या मैत्रिणींनी पाळी लावून एक कादंबरी मोबाइलवर वाचून दिली. बत्तीस फायली झाल्या. ती बसमधून येता-जाता ऐकायची, आणि वर्षाच्या शेवटी सगळ्या वर्गात ती कादंबरी पूर्ण झालेली ती एकटी होती.

आणि मुलांचं स्वतःचं लेखन. सहावीतल्या पोरानं लिहिलेल्या कवितेचा हक्क त्या पोराचा असतो. शाळेचा नाही, आणि माझाही नाही. वार्षिकांकात घेताना मी त्याला विचारते आणि पालकांची सही घेते. माझ्या वाचनवर्गासाठी मी घरी बसून केलेल्या चौतीस कृतिपत्रिका एकदा एका गाइडमध्ये जशाच्या तशा छापलेल्या सापडल्या. माझ्या हस्ताक्षरातली चुकलेली एक वेलांटीसुद्धा तशीच होती, नाव मात्र नव्हतं. तेव्हा जे वाटलं ते एखाद्या मुलाला माझ्यामुळं वाटू नये.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना आजीकडून जात्यावरच्या ओव्या लिहून आणायला सांगितल्या. नंदगडच्या बाजूची एक मुलगी सोळा ओव्या घेऊन आली. ओव्या परंपरेच्या, कुणाच्या हक्काच्या नाहीत. तरी भित्तिपत्रकावर लावताना तिनं खाली आजीचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलं. मी सांगितलं नव्हतं. पुढच्या सोमवारी आजी शाळेत आली. तिला वाचता येत नाही, म्हणून नातीनं बोट ठेवून नाव दाखवलं. आजीनं त्यावरून दोनदा हात फिरवला आणि विचारलं, "अजून चार सांगू काय गं?"